रस्ता राहिला बाजूला आणि माफीचा व्हिडिओ गावभर

दादाचा फोन आला तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते, मी शेवटची भाकरी तव्यावर टाकत होते. दादा शेतकरी माणूस, साडेआठला झोपणारा, त्यामुळे त्याचं नाव स्क्रीनवर बघूनच पोटात गोळा आला. "व्हिडिओ बघितलास काय गं?" एवढंच म्हणाला. कुठला व्हिडिओ असं मी विचारेपर्यंत "असू दे, जेव तू" म्हणून त्याने फोन ठेवला पण.

माहेरच्या गावच्या ग्रुपवर तोपर्यंत तो व्हिडिओ चार वेळा पडला होता. पाऊण मिनिटाचा असेल. माझा भाचा, तेवीस वर्षांचा पोरगा, ज्या मोबाईल रिपेरिंगच्या दुकानात कामाला जातो तिथंच उभा आहे, मागे कव्हरं आणि चार्जरच्या वायरी लटकतायत आणि हा हात जोडून म्हणतोय की मी साहेबांच्या कुटुंबाबद्दल जे लिहिलं ते चुकीचं होतं, मी जाहीर माफी मागतो, परत असं होणार नाही. साहेब म्हणजे आमच्या भागातले पुढारी. मध्येच फोन धरणाऱ्याचा आवाज येतो, "नाव पुरं घे साहेबांचं." मग हा परत पहिल्यापासनं सुरू करतो. आणि उजव्या कडेला एक खांदा दिसतो, अर्धाच, निळ्या चौकड्याच्या शर्टाचा. तो शर्ट मी दादाला गेल्या दिवाळीला घेतला होता. म्हणजे बाप तिथंच उभा होता. मी तो व्हिडिओ नंतर किती वेळा बघितला माहीत नाही, पण पोराच्या तोंडाकडे कमी आणि त्या खांद्याकडे जास्त बघितलं.

नंतर कळलं की व्हिडिओ तीनदा घेतला. पहिल्यांदा आवाज बारीक आला म्हणून, दुसऱ्यांदा 'साहेब' राहिलं म्हणून. कुणी हात लावला नाही असं दादा म्हणतो, पण छोट्याशा दुकानात बारा-पंधरा माणसं शिरल्यावर हात लावायची गरजच काय उरते. दुकानाच्या मालकाने पोराला पंधरा दिवस येऊ नको म्हणून सांगितलं, त्याचाही नाइलाज असेल, त्याला तिथंच धंदा करायचाय.

आता दुसरी बाजू. मी भाच्याला म्हटलं मला मूळ पोस्टचा स्क्रीनशॉट पाठव. तो लाजत होता, शेवटी पाठवला. तीन ओळी होत्या. पहिल्या दोन ओळीत लिहिलं होतं की आपल्या फाट्यापासनं गावापर्यंतचा साडेतीन किलोमीटरचा रस्ता, दोनदा बोर्ड लागला, दोनदा नारळ फुटला, आणि रस्ता अजून खडीचा, तर मग पैसे गेले कुठं. तिसरी ओळ साहेबांच्या सुनेबद्दल होती. ती ओळ मी इथं लिहू शकत नाही, ती वाचून मला अंगाला घाण लागल्यासारखं झालं. ज्या पोराला मी मांडीवर घेऊन भात भरवलाय त्याच्या बोटांनी हे टाईप झालं ही गोष्ट मला त्या जोडलेल्या हातांइतकीच लागली.

दोन दिवस मी नुसती चिडलेली होते आणि कुणावर जास्त चिडलेय तेच कळत नव्हतं. आता थोडं शांत झाल्यावर लिहितेय.

एक गोष्ट मला फार उशिरा दिसली. गावात जो स्क्रीनशॉट फिरत होता त्यात पहिल्या दोन ओळी नव्हत्याच, कापून टाकल्या होत्या, फक्त तिसरी ओळ आणि पोराचं नाव. आणि माफीच्या व्हिडिओतही रस्ता हा शब्द नाही. म्हणजे झालं काय, की पोराने स्वतःच आपल्या प्रश्नाच्या मागे शिवी बांधली आणि समोरच्यांनी ती शिवी उचलून धरली आणि प्रश्न गटारात टाकला. साहेबांना रस्त्याचं उत्तर द्यावंच लागलं नाही, उलट तेच दुखावलेले, तेच मोठ्या मनाचे, पोराला माफ करणारे. गावातली शहाणी माणसंसुद्धा म्हणाली, बरं झालं पोलिसात गेलं नाही, साहेबांनी सांभाळून घेतलं.

मला यावरनं सारखं १८८२ आठवतंय. आम्ही कोल्हापूर भागातली माणसं, आम्हाला हे प्रकरण परकं नाही. केसरी सुरू होऊन जेमतेम एक वर्ष झालं होतं, पहिला अंक ४ जानेवारी १८८१ चा. कोल्हापूरच्या गादीवर चौथे शिवाजी महाराज होते, पोरसवदा राजा, आणि त्यांना वेड लागलंय असं सांगून त्यांना ज्या पद्धतीने ठेवलं जात होतं त्याबद्दल लोकांत संताप होता. केसरी आणि मराठाने त्यावर लिहिलं, कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर थेट आरोप केले आणि आधार म्हणून काही पत्रं छापली. ती पत्रं बनावट निघाली. बर्व्यांनी अब्रूनुकसानीचा खटला भरला आणि १७ जुलै १८८२ ला टिळक आणि आगरकर दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली, डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून २६ ऑक्टोबरला सुटले. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तकही लिहिलं. सगळ्यांना डोंगरीचे १०१ दिवस आठवतात. पण ज्यांच्यासाठी हे सगळं लिहिलं गेलं त्या महाराजांचं काय झालं? कोर्टात चर्चा झाली ती बर्व्यांच्या अब्रूची आणि पत्रांच्या खरेखोटेपणाची, आणि महाराज नगरच्या किल्ल्यात. २५ डिसेंबर १८८३ ला तिथंच, पहाऱ्यावरच्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत ते गेले. वीस वर्षांचे होते. मूळ प्रश्न खरा होता हो. पण खोटी पत्रं मध्ये आली आणि त्या प्रश्नाचा हात सुटला.

माझा भाचा काही टिळक-आगरकर नाही आणि त्याच्या तिसऱ्या ओळीत संपादकाची चूक नव्हती, नुसती घाण होती, हे मला कळतं. पण खऱ्या प्रश्नाला कच्ची नाहीतर किडकी गोष्ट चिकटवली की सत्तेतल्या माणसाची किती सोय होते, ते दोन्हीकडे सारखंच आहे.

याच प्रकरणातली दुसरी गोष्ट मला त्याहून मोठी वाटते. केसरीच्या संस्थापकांमध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर होते. निबंधमालेत त्यांनी जोतीराव फुल्यांवर जे लिहिलंय ते ज्यांनी वाचलंय त्यांना माहीत आहे, व्याकरणाची खिल्ली, भाषेची खिल्ली, आणि त्या सगळ्याच्या खाली जातीचा तोरा. टीका नव्हती ती, अपमान होता, छापील आणि जाहीर. बर्वे प्रकरणाचा निकाल लागण्याच्या चार महिने आधीच, मार्च १८८२ मध्ये चिपळूणकर वारले. आणि मग टिळक-आगरकर अडकले, जामिनाला दहा हजार रुपये हवे होते, त्या काळातले दहा हजार, तेव्हा तो जामीन उभा केला जोतीरावांनी, त्यांचे स्नेही रामशेठ बापूशेठ उरवणे यांना सांगून. ज्या गोटातनं आपल्याला हिणवलं गेलं त्या गोटातल्या दोन तरुण संपादकांना सोडवायला. तुमचे विचार मला मान्य झाले असं काही जोतीराव म्हणाले नाहीत, आणि पुढेही त्यांनी आपलं म्हणणं तसूभर मऊ केलं नाही. आपल्याकडे या गोष्टीचं म्हणावं तसं नाव निघत नाही याचं मला वाईट वाटतं. शाळेत आपल्याला शेंगांची टरफलं सांगतात, हे सांगत नाहीत.

मी वकील नाही, पण एका वकिलांच्या ऑफिसात चौदा वर्षं टायपिंगचं आणि फाईलींचं काम करते, त्यामुळे कलमं रोज डोळ्याखालनं जातात. म्हणून थोडं कायद्याचं लिहिते, कारण गावाकडं सगळ्यांचा समज असा की साहेबांबद्दल लिहिलं म्हणजे पोलीस उचलतात. बदनामीचं कलम पूर्वी भादंविचं ४९९-५०० होतं, १ जुलै २०२४ पासनं भारतीय न्याय संहितेचं ३५६ झालं. जास्तीत जास्त दोन वर्षं साधी कैद, नाहीतर दंड, नाहीतर दोन्ही, आणि आता समाजसेवेची शिक्षाही देता येते. पण हा गुन्हा अदखलपात्र आहे. पोलीस स्वतःहून उठून कुणाला आणू शकत नाहीत, ज्याची बदनामी झाली त्यानेच कोर्टात जाऊन तक्रार द्यायची. मुद्दाम अपमान करून भांडण पेटवायचं कलम आहे, ३५२, तेही अदखलपात्रच. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने बदनामी हा फौजदारी गुन्हा राहू दे म्हटलं, मला तो निकाल आवडला नाही, पण तो कायदा आहे.

आता गंमत... नाही, गंमत म्हणवत नाही. साहेबांकडे हा रस्ता उघडा होता की. त्या सुनेची खरंच बदनामी झाली होती, तिने कोर्टात जायला हवं होतं, मी स्वतः तिच्या बाजूने उभी राहिले असते. पण कोर्टात गेलं की समोरच्यालाही बोलायला मिळतं, उलटतपासणी होते, कागद मागवता येतात. कोर्टाने कधीतरी विचारलं असतं की ही पूर्ण पोस्ट काय होती, आणि मग त्या पहिल्या दोन ओळी मोठ्याने वाचायला लागल्या असत्या. मोबाईलच्या दुकानात तसं काही होत नाही. तिथं फक्त एकच माणूस बोलतो, आणि तोही दुसऱ्याने सांगितलेलं.

आणि हे एका गावाचं किंवा एका पक्षाचं नाही. १७ नोव्हेंबर २०१२ ला बाळासाहेब ठाकरे गेले, मुंबई बंद होती, तेव्हा पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर लिहिलं की बंद कशासाठी, तिच्या मैत्रिणीने ते लाईक केलं, दोघींना अटक झाली आणि एकीच्या काकांचा दवाखाना फोडला. त्या पोस्टमध्ये शिवी नव्हती. एकसुद्धा नाही. तेव्हा आयटी कायद्याचं ६६-अ होतं, कुणाला त्रास होईल असं काही पाठवलं तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा. ते कलम सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं, आणि तरी २०२१ मध्ये कोर्टाला कळलं की पोलीस अजून त्याच मेलेल्या कलमाखाली गुन्हे दाखल करतायत. २०२० मध्ये कांदिवलीत एका निवृत्त नौदल अधिकाऱ्याला व्यंगचित्र फॉरवर्ड केलं म्हणून बिल्डिंगच्या आवारात मारलं. २०२२ मध्ये एका अभिनेत्रीने दुसऱ्याने लिहिलेल्या ओळी शेअर केल्या, त्या ओळी मलाही घाणेरड्या वाटल्या, पण त्यासाठी तिला महिन्याहून जास्त दिवस तुरुंगात काढायला लागले. २०२५ च्या मार्चमध्ये खारला एका कॉमेडियनच्या गाण्यावरनं त्याने जिथं कार्यक्रम केला ती जागाच फोडली. या सगळ्या वर्षांत खुर्चीवर कोण होतं ते बदलत गेलं. ज्यांनी आदल्या वेळी अभिव्यक्ती स्वातंत्र्य म्हणून गळा काढला त्यांनीच पुढच्या वेळी दगड हातात घेतला, आणि ज्यांनी दगड मारले होते ते टीव्हीवर संविधान दाखवायला लागले.

अपमानाची शिक्षा एकदा जमावाच्या नाहीतर फौजदाराच्या हातात दिली की ती फक्त शिव्यांपुरती थांबत नाही, म्हणूनच मी शिवी देणाऱ्यालाही तुरुंगात टाकायच्या विरोधात आहे. आज सुनेबद्दलची ओळ, उद्या व्यंगचित्र, परवा 'बंद कशासाठी'. नागपूरच्या हायकोर्टात १९४६ मध्ये न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी एक फूटपट्टी सांगितली होती, की बोललेल्या शब्दांचा परिणाम मोजायचा तो धीराच्या, कणखर, विचारी माणसाच्या मनावरनं, प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्या डळमळीत मनावरनं नाही. २०२५ मध्ये एका खासदाराने पोस्ट केलेल्या कवितेच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने परत तीच फूटपट्टी काढली. आपलीच आहे ती, नागपूरची.

धमकी वेगळी. तुला बघून घेतो, घर जाळतो, हे मत नाही. जातीवरनं चारचौघांत हिणवणं वेगळं, त्यासाठी १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा आहे आणि तो असायलाच हवा, कारण तिथं शब्दाच्या मागे शेकडो वर्षांचा मार उभा असतो. मंत्र्याला चोर म्हणणं आणि सफाई कामगाराला जातीवरनं बोलणं या दोन्हीला 'अपमान' हा एकच शब्द लावतात तिथंच मोठा घोटाळा होतो.

आमच्या ऑफिसातले एक जण मला म्हणाले, अहो मराठी राजकारणात हे पहिल्यापासनं आहे, अत्रे काय कमी बोलायचे का? खरं आहे, संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी स्वतःच्या मराठा दैनिकातनं (टिळकांचा मराठा वेगळा) अत्र्यांनी मोरारजींना काय काय म्हटलंय ते आजच्या भाषेतसुद्धा जड जाईल. पण अत्रे रोज सकाळी स्वतःच्या नावाने, स्वतःच्या पेपरात, छापखान्याच्या पत्त्यासकट लिहायचे, आणि त्या रागाच्या मागे गोळीबारात मेलेली माणसं होती. आगरकरांची तर पुण्यात लोकांनी ते जिवंत असताना प्रेतयात्रा काढली. ते बघून त्यांनी कुणाला धरून आणा म्हटलं नाही, आपला सुधारक हा पेपर चालूच ठेवला. घरात बायको, लहान लेकरं, अंगात दमा, आणि बाहेर आपल्याच नावाची तिरडी. त्या माणसाला काय वाटलं असेल याचा मी कितीतरी वेळा विचार केलाय. दुसऱ्या दिवशी परत लेखणी हातात घ्यायला जे लागतं ते आपल्या आजच्या कुठल्या साहेबात आहे?

पण मला सगळ्यात जास्त टोचतंय ते वेगळंच. त्या तिसऱ्या ओळीतल्या सुनेचा रस्त्याशी काय संबंध? तिने ना टेंडर काढलं ना नारळ फोडला. पुरुषांच्या भांडणात पुरुषाला लागावं म्हणून बाईला चिखलात ओढायची ही आपली जुनी खोड, आपल्या शिव्या काढून बघा, नव्वद टक्के आईवर नाहीतर बहिणीवर. आणि माफीचा व्हिडिओ फिरला त्याच्याखाली कमेंट कुणावर आल्या? माझ्या वहिनीवर. हिनं असलं पोरगं काढलं, हिचे संस्कार असलेच, आणि पुढचं मी लिहीत नाही. माझी वहिनी फेसबुकवर नाही, तिला शेजारणीने वाचून दाखवलं. ती त्या आठवड्यात दूध घालायला डेअरीवर गेली नाही, दादाच गेला. म्हणजे दोन घरातल्या दोन बायका, एकमेकींना कधी भेटल्या नसतील, आणि साडेतीन किलोमीटरच्या रस्त्यापायी दोघींची अब्रू बाजारात.

मी रविवारी गावी गेले. भाचा माळ्यावर झोपून होता, जेवायलाही खाली येत नव्हता. मी वर गेले, बसले. म्हटलं, का लिहिलंस ती ओळ? बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "आत्या, नुसतं रस्त्याचं दोनदा लिहिलं होतं मी. मार्चमध्ये आणि गणपतीच्या आधी. चार लाईक आले. कुणी बघत न्हाई. मग वाटलं लागंल असं काहीतरी लिहावं." हे ऐकून मला काय बोलावं सुचेना. त्याचं चुकलंच, ते मी त्याला स्पष्ट सांगितलं, त्या सुनेच्या जागी तुझी आई ठेव म्हटलं, तेव्हा रडला. पण साध्या भाषेत विचारलेल्या प्रश्नाकडे कुणी ढुंकून बघत नाही आणि शिवी दिली की बारा-पंधरा माणसं गाडी काढून येतात, हे त्याला शिकवलं कुणी? आपणच की, सगळ्यांनी मिळून. मी ग्रुपवर आहे, त्याच्या मार्चच्या पोस्टला माझाही लाईक नाही, मी नंतर बघितलं.

मी त्याला विचारलं माफी मनापासनं मागितलीस का. म्हणाला, "त्यांच्या समोर न्हाई. पण त्या बाईंची मागायची हाय, कशी मागू?" मलाही माहीत नव्हतं. व्हिडिओतली माफी साहेबांच्या नावाने होती, तिचं नाव त्यात नव्हतंच.

संध्याकाळी आम्ही खाली बसलो आणि माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहायला घेतला. महाराष्ट्रात दीडशे शब्दांची मर्यादा आहे आणि एका अर्जात एकच विषय, त्यामुळे नेमकं लिहायला लागतं. फाट्यापासून गावापर्यंतच्या रस्त्याची कामं कोणत्या वर्षी मंजूर झाली, किती रकमेची, ठेकेदाराला बिलं कधी अदा झाली, मोजमाप पुस्तिकेच्या प्रती द्याव्यात. पोरगा सांगत होता, मी लिहीत होते. पहिल्या खर्ड्यात त्याने 'हा भ्रष्टाचार' असा शब्द घातला होता, तो त्यानेच खोडला, म्हणाला आधी कागद येऊ दे.

दादा सोप्यात बसून सगळं ऐकत होता, मध्ये एक अक्षर बोलला नाही. वहिनीने चहा आणला तेव्हा त्याने हात पुढे केला, अर्ज घेतला, चष्मा लावून दोनदा वाचला.

"ह्यात कुणाला काय वाईट न्हाई ना?"

नाही म्हटलं.

खाली अर्जदार म्हणून पोराचं नाव होतं. दादाने पेन मागितलं, ते नाव खोडलं आणि तिथं स्वतःचं लिहिलं. वहिनी म्हणाली नवीन कागदावर लिहा, खाडाखोड दिसतीया. मग मी परत सगळा अर्ज नीट लिहून काढला, दहा रुपयाचं कोर्ट फी स्टँप सकाळी तालुक्याला मिळालं, पोच घेतली. तीस दिवसांत उत्तर द्यायला लागतं. आज अकरावा दिवस आहे.